दुसऱ्या रिमोटचा वास

शाळांच्या परीक्षा संपल्या की आमच्या बिल्डिंगच्या जिन्याचा आवाज बदलतो. वर्षभर तो दप्तरं घेऊन चढणाऱ्या पायांचा असतो. एप्रिल सरता सरता तो उतरणाऱ्या पायांचा होतो. मुलं पायऱ्या गाळत येतात, वळणावर कठड्याला धरून गर्रकन फिरतात, आणि खालच्या मजल्यावरचं कुणीतरी त्यांच्यावर ओरडतं. मी खिडकीपाशी पेपर घेऊन बसलेला असतो. आणि दरवर्षी, का ते मला सांगता येणार नाही, याच दिवसांत एखाद्या वस्तूचे स्क्रू उघडावेत असं माझ्या हातांना वाटू लागतं. कापसाचा बोळा, वाटीत थोडं स्पिरिट, जुना टूथब्रश. घरात पुसण्यासारखं काही शिल्लक नसतं, म्हणून मी मिक्सरच्या बटणांच्या फटी साफ करत बसतो. माझी बायको सुनंदा आतून म्हणते, "आला वाटतं तुमचा महिना."

मी आकड्यांचा माणूस आहे. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. सॅम्पल आलं की तपासायचं, आकडा लिहायचा, पटला नाही तर पुन्हा तपासायचं. दोनदा वेगळा आकडा आला तर तिसऱ्यांदा. असं कुठलंच काम मी अर्धवट सोडलेलं नाही. त्या एका वर्षीचा मे महिना मात्र मी किती वेळा तपासला तरी त्याचा आकडा दरवेळी वेगळा येतो.

आमची मुलगी करुणा तेव्हा सहावीतून सातवीत गेली होती. तिला लहानपणापासून दमा. आमचं घर अंबरनाथ पूर्वेला. पालेगावच्या बाजूला तेव्हा अजून शेतं होती, टॉवर आले नव्हते. दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. संध्याकाळी वारा फिरला की बायका गॅलरीतले कपडे काढता काढता एकमेकींना सांगत, "आज सोडलंय वाटतं कंपनीने." कुठल्या कंपनीने सोडलंय हेही त्या नुसत्या वासावरून सांगत, आणि त्यावरून त्यांच्यात वादही होत. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पोरीला सुट्टीत धुळीत, धुरात पाठवू नका. म्हणजे जिन्यावरचा तो उतरणारा आवाज तिने घरात बसून ऐकायचा. ती खिडकीत उभी राहून खालच्या क्रिकेटचे निर्णय द्यायची. "आउट आहे तो, मी बघितलं वरून." खालून कुणी मान वर करत नसे.

म्हणून मी उल्हासनगरला जाऊन टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. नवा परवडणारा नव्हता, तेव्हा जुना. दुकान म्हणजे एक बोळ होता. दोन्ही बाजूंना टेपरेकॉर्डर, पंखे, इस्त्र्या यांच्या भिंती, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दुकानदार सिंधी, आणि गिऱ्हाईक मराठी दिसलं की त्याच्या हिंदीत मराठी मिसळायला लागायची.

"साईं, विठ्ठलवाडीला गेम पार्लर बंद झालं ना, त्याचा पीस आहे. पहलवान मशीन. पोरं दिवसभर ठोकायची, काही झालं नाही त्याला."

"वास येतो का याला?" मी विचारलं. म्हणजे वास आला म्हणून नाही विचारलं. मुलीला दमा असलेला बाप कुठलीही वस्तू घेताना हेच विचारतो.

त्याने मशीन नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाकाशी नेलं. "थोडा आता है. पोरं सिगारेट मारतात तिकडे. धुतला की गेला. नाही गेला, तर शाळा खुलायच्या आत वापस आणा, त्या बदल्यात टेबल फॅन घेऊन जा. मात्र असा दुसरा पीस माझ्याकडे नाही, हे आत्ताच सांगतो."

घरी येऊन मी फरशीवर पेपर पसरला आणि मशीन उघडलं. करुणा शेजारी येऊन बसायला लागली, तिला मी नाकाला ओढणी बांधून पलंगावर बसायला लावलं. ती तिथून स्क्रू मोजत होती. लांब स्क्रू एका वाटीत, आखूड दुसऱ्या वाटीत, म्हणजे परत लावताना घोळ नको.

मळ इतक्या प्रकारचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या आणि खालच्या कव्हरच्या सांध्यातून एक काळी रेघ सगळीकडून गेलेली, पेन्सिलीने आखल्यासारखी. ती टूथपिकने काढली तर मेणासारखी वळून बाहेर आली. आत पंख्याच्या पात्यांवर करडी लोकर. कोपऱ्यात झुरळांच्या लेंड्यांची काळी राई. हातात धरून खेळायचे, वायरचे रिमोट दोन होते. मुलं त्यांना रिमोटच म्हणत. त्यांच्या बटणांखाली जे होतं ते कशाचं म्हणावं? घामाचं, वडापावच्या तेलाचं, शेंगदाण्याच्या सालाचं, कुणाकुणाच्या बोटांच्या कातडीचं. विठ्ठलवाडीच्या पोरांनी त्या बटणांवर आपली सगळी दुपार दाबून ठेवली होती, आणि मी ती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धूत होतो. लिटरभर पाण्याला एक चमचा साबण. बटणं, रबराच्या पट्ट्या, कव्हरं पाण्यात. सर्किटला पाणी लागू द्यायचं नाही, तिथे नुसता रंगाचा कोरडा ब्रश, आणि जोडाच्या जागी स्पिरिटचा बोळा. वाळवायचं सावलीत, उन्हात प्लॅस्टिक पिवळं पडतं. पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, मग लिंबू सरबतासारखं, मग तसंच राहिलं. मी खूश होतो. जे डोळ्यांना दिसतं ते घालवता येतं.

वास मात्र दिसत नाही. सुनंदा म्हणाली, "खोबरेल तेलाचा येतोय. शिळ्या." खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अगरबत्तीचा, पार्लरवाल्याने गल्ल्यावर लावली असेल. करुणाने कव्हर हुंगलं, एक नंबरचा रिमोट हुंगला आणि म्हणाली, "जळकट. पण थोडासाच." मला कशाचाच येत नव्हता. मला वाटलं, मी नीट धुतलंय म्हणून मला येत नाही, आणि यांना येतो कारण यांनी विठ्ठलवाडी आणि सिगारेट हे शब्द ऐकलेत.

खाण्याचा सोडा पुरचुंडीत बांधून मशीनसकट डब्यात बंद करून ठेवला. दोन दिवसांनी डबा उघडला तेव्हा तिघींचंही म्हणणं पडलं की वास बराच गेला. मग मशीन टीव्हीला लागलं.

आता जे सांगायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण माझा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दिवसभर करुणा एकटी खेळायची, किंवा सुनंदाला बळेच बसवायची. मी संध्याकाळी कंपनीतून आलो की ती दोन नंबरचा रिमोट माझ्या हातात द्यायची. दोन गाड्यांची शर्यत होती. आम्ही जमिनीवर चटई टाकून, पलंगाला पाठ टेकून शेजारी शेजारी बसायचो. माझी गाडी वळण आलं की भिंतीला जाऊन भिडायची आणि तिथेच घुर्र घुर्र करत राहायची.

"पप्पा, भिंत पाडायची नाहीये. रस्ता इकडे आहे."

"हे बटण दाबलं की वळत नाही."

"ते ब्रेकचं आहे. तुम्ही मघापासून ब्रेक दाबून शर्यत खेळताय."

वळण आलं की ती नुसत्या बोटांनी वळत नसे, सगळीच्या सगळी वळायची. डावं वळण आलं की तिचा खांदा माझ्या दंडावर यायचा. मी आठवून पाहतो, त्याआधी मी तिच्या इतका जवळ कधी बसलो होतो? अभ्यास घेताना मध्ये टेबल असे. जेवताना मध्ये सुनंदा. झोपायला ती आईजवळ. आमच्या घरात कुणी कुणावर कमी माया करत होतं असं नाही, पण बाप आणि मुलगी यांनी अंगाला अंग लावून बसण्याचं काही कारणच कधी पडलं नव्हतं. ते कारण उल्हासनगरच्या बोळातून आलं.

आणि अर्ध्या-पाऊण तासात तिची छाती वाजायला लागायची.

आधी नुसतं खाकरणं, मग खोकला, मग ती बारीक शिटी. सुनंदा स्वयंपाकघरातून यायची आणि टीव्हीचं बटणच बंद करायची. "पुरे आता. त्या डब्याचा वास आहे हा. परत देऊन टाका." करुणा खोकता खोकता मान हलवायची, परत नाही म्हणून. मी विचारायचो, "वास येतोय का तुला?" ती म्हणायची, "थोडासा. दोन नंबरच्या रिमोटला."

दिवसा ती खोकत नसे. रविवारी खोकला कमी. मी लॅबचा माणूस. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात बरोबर बसल्या. यंत्र दिवसभर चालून चालून तापतं आणि प्लॅस्टिक तापलं की आत मुरलेला वास सोडतं, म्हणून संध्याकाळी त्रास. आणि रविवारी सकाळी मी ते पुन्हा उघडून पुसतो, म्हणून रविवारी आराम. सुनंदाला हे मी पेपरच्या कडेवर आकृती काढून समजावलं. तिलाही पटलं. आजही कुणी तेवढीच माहिती दिली तर मी तेच अनुमान काढीन. त्यात चूक कुठे आहे ते दाखवणं सोपं नाही.

म्हणून मी आणखी साफ केलं. विशेषतः दोन नंबरचा रिमोट. व्हिनेगरच्या पाण्याने पुसला. कोळशाच्या तुकड्यांत ठेवला. शिकेकाईच्या पाण्यात धुतला, तर त्याच्या बटणांवरची खुणेची अक्षरं निघून गेली आणि मला कुठलं बटण कुठलं तेही कळेना. काकूंनी ऊद घालून धुरी द्यायला सांगितली. दम्याच्या घरात धुरी, हे ऐकून सुनंदाने त्यांच्याकडे असं पाहिलं की काकू चहा न पिता गेल्या. शेवटी मी तो रिमोट कंपनीत घेऊन गेलो. तिथे डिस्टिल्ड वॉटर, तिथे चांगल्या प्रतीचं सॉल्व्हंट, तिथे गरम हवा. सगळे भाग सुटे करून, धुऊन, वाळवून, लॅबच्या कपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी जोडून आणला. इतकी चकचकीत वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती.

त्या संध्याकाळी करुणा लवकर खोकली.

बुद्धपौर्णिमेला सुनंदाची धाकटी बहीण मंदा आली. ती बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावात दिलेली. घर पाड्याला लागून, चारी बाजूंना रान. मेव्हणी म्हणून माझी चेष्टा करायचा तिला हक्क होता आणि ती तो पुरेपूर वापरायची. त्या दिवशी सुनंदाने गॅसवर खीर ठेवली आणि दोघी बहिणी शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवासारखं कसलंसं बोलावणं होतं तिथे तोंड दाखवून यायला गेल्या. मला सांगून गेल्या, लक्ष ठेवा. मी बाहेरच्या खोलीत मशीनचा पंखा पुसत होतो. करुणा खाली काकूंकडे होती. परत आल्या तेव्हा जिन्यातच त्यांना वास आला. खीर तळाला लागून पातेलं काळं झालं होतं. मी दाराच्या आत, सात-आठ पावलांवर बसलो होतो.

"भावजी, नाकात कापूस कोंबलाय का?" मंदा म्हणाली. "आवं, खालच्या मजल्यावर कळतंय."

"मी कामात होतो."

"काम काय, त्या खोक्याची मालिश."

तिला काय वाटलं कुणास ठाऊक. फडताळातून तिने तीन डबे काढले, माझे डोळे ओढणीने बांधले आणि एकेक डबा माझ्या नाकाखाली धरला. करुणाही तोवर वर आली होती, तिला हा नवा खेळ वाटला. पहिला डबा, मी म्हणालो, वेलची. दुसरा, चहा. तिसरा, मी बराच वेळ श्वास ओढत राहिलो आणि मग म्हणालो, रिकामा आहे. ओढणी सोडली. पहिल्या डब्यात हिंग होता. दुसऱ्यात चहाच होता, पण तो मी डब्याच्या झाकणाच्या आवाजावरून ओळखला होता. तिसऱ्यात कापूर.

सगळ्या हसल्या. मीही हसलो. तीनपैकी एक, आणि तोही लबाडीने. कंपनीत नवीन मुलगा लागला की पहिले काही दिवस तो नाकाला रुमाल लावतो, मग रुमाल सुटतो, आणि आम्ही म्हणतो, रुळला. रुळला म्हणजे नक्की काय झालं हे आम्ही कुणी कधी तपासलं नव्हतं.

मग चहा झाला, करुणाने टीव्ही लावला आणि मंदाच्या हातात एक रिमोट दिला. तो दोन नंबरचा होता. मंदाने तो घेतला, उलटासुलटा केला, आणि गावाकडची माणसं नवीन वस्तू आली की करतात तसं सहज नाकाशी नेला.

"हा तं भावजींचा वास हाय," ती म्हणाली.

"कसला वास?" सुनंदाने विचारलं.

"आता कसला काय. भावजींचा. कंपनीचा. ते आमच्या घरी येऊन गेले की उशीला दोन दिस येतो त्यो. तुम्हाला न्हाय येत?"

कुणी हसलं नाही. मी करुणाकडे पाहिलं, कारण सगळ्यात मोठ्याने तीच हसेल असं मला वाटलं होतं. ती टीव्हीकडे बघत होती. पडद्यावर गाड्या उभ्या होत्या आणि सुरू करण्यासाठी बटण दाबा असं इंग्रजीत चमकत होतं. ती म्हणाली, "मावशी, तू गप्प बस. तुझा चान्स आहे, खेळ."

तो आवाज मला अजून ऐकू येतो. चिडलेला होता, पण खोटं ऐकल्यावर माणूस चिडतं तसा नव्हता.

मंदा गेल्यावर मी सुनंदाला विचारलं, "तुला येत होता?"

तिने बराच विचार केला. "मला काय माहीत. लग्न झालं तेव्हापासून घराला तोच आहे. मला वाटायचं, घराचाच वास."

मी कंपनीतून निघताना साबणाने आंघोळ करून निघायचो. हा माझा नियम होता आणि तो मी एकदाही मोडला नव्हता. आमच्याकडे रबराच्या कारखान्यांना लागणारं एक रसायन बनायचं. लोक म्हणत त्याला कुजलेल्या कोबीसारखा वास येतो. लोक म्हणत, म्हणजे बाहेरचे लोक. शेअर रिक्षात मला नेहमी कडेची जागा मिळायची, मधला माणूस आपण होऊन सरकायचा. इतकी वर्षं मी समजत होतो की आपल्या इकडची माणसं वयाचा मान ठेवतात.

डॉक्टरांना विचारलं, पोरीचा खोकला माझ्या या वासाने असेल का. म्हणाले, असू शकतं, नसूही शकतं. कपड्यांमधून, केसांमधून, श्वासातूनसुद्धा येऊ शकतं. दिवसभर खेळून ती थकते म्हणूनही असेल. धूळ असेल, हवा असेल. मी म्हणालो, नक्की काय ते कसं कळेल? ते म्हणाले, काही दिवस लांब बसून बघा.

म्हणून मी लांब बसलो. त्या रिमोटची वायर जितकी ताणली जाईल तितकी ताणून, दाराजवळ, खुर्चीवर. तिथून मला पडद्यावरची माझी गाडी नीट दिसतही नसे. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मी आलो तर माझ्या रिमोटची वायर गुंडाळून तिला रबरबँड लावलेलं. जेमतेम हातभर वायर मोकळी.

"हे कुणी केलं?"

"वायर पायात येते," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "आई पडली असती मघाशी."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सुनंदाने मागे वळून पाहिलं नाही. मी रबरबँड सोडायला गेलो, तर करुणा म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना." मग हळू आवाजात, "मी आज खोकणार नाही."

खोकला काय आपल्या हातात असतो? तरी ती तसं म्हणाली. मी चटईवर बसलो. पहिलं वळण डावीकडचं होतं. तिचा खांदा आला. मी श्वास रोखून धरला, म्हणजे माझ्या श्वासातून जाऊ नये म्हणून. किती वेळ धरणार. आणि ती शेजारी श्वास रोखून बसली होती, खोकला येऊ नये म्हणून. ते मला शर्यत संपल्यावर कळलं, तिने एकदम सोडला तेव्हा. मग दोघांनाही हसू आलं, आणि हसण्याने तिला खोकला लागला.

तिला आधीपासून माहीत होतं का? हा माझा खरा प्रश्न आहे. दोन नंबरच्या रिमोटला वास येतो, असं ती पहिल्या आठवड्यापासून सांगत होती. दोन नंबरचा रिमोट माझा होता. पार्लरच्या पोरांनी दोन्ही सारखेच दाबलेले असणार, मग एकालाच वास कसा? हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिला माहीत असेल तर तिने यंत्राचं नाव का घेतलं? यंत्र परत गेलं असतं तर खेळ गेला असता. माझं नाव घेतलं असतं तर खेळ राहिला असता, मी उठून गेलो असतो. या दोन्हींत ती कुठे उभी होती? की तिला काहीच माहीत नव्हतं आणि एका लहान मुलीच्या साध्या बोलण्याला मी आता अर्थ चिकटवत बसलोय? एकदा मी सरळ विचारलं होतं. "तुला ठाऊक होतं ना?" ती म्हणाली, "काय?" आणि खरोखर न कळल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिली. मुलं तसंही बघू शकतात.

शाळा उघडायच्या आधी मी मॅनेजरकडे जाऊन लॅबमधून डिस्पॅचला बदली मागितली. डिस्पॅच म्हणजे गेटजवळ. मोकळी हवा, वजनकाटा, भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक. मॅनेजर म्हणाले, "शिकलेला माणूस तू, गेटवर वजनं कसली करतोस?" मी म्हणालो, डोळ्यांना त्रास होतो. नाकाचं सांगणं मला जमलं नाही. बदली मिळाली. पगारातला लॅबचा भत्ता गेला, तो मी घरी सणावारांच्या खर्चात कुठेतरी बसवला. आणि करुणाचा संध्याकाळचा खोकला कमी झाला.

पण त्याच सुमाराला पाऊस लागला, हवा धुतली गेली. डॉक्टरांनी औषधही बदललं होतं. शिवाय पोरगी मोठी होत होती. ते म्हणाले होते, वयात येताना पुष्कळांचा दमा मागे सरतो. लॅबमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. इथे चार गोष्टी एकदम बदलल्या. मग कशाने काय झालं हे कोण सांगणार? यंत्र मी परत केलं नाही. शाळा सुरू झाल्यावर ते माळ्यावर गेलं, दर सुट्टीत खाली यायचं, आणि नंतर एका सुट्टीत करुणाने ते मागितलंच नाही.

या मे महिन्यात ती पुण्याहून आली, तेव्हा तिनेच स्टूल ठेवून माळ्यावरून ते खोकं काढलं. आता ती नोकरी करते, दम्याचा पंप पर्समध्ये असतो पण क्वचित लागतो. मी पेपर पसरला. लांब स्क्रू एका वाटीत, आखूड दुसऱ्या. तिने नाकाला ओढणी बांधली नाही, मीही सांगितलं नाही. पंख्यावर पुन्हा लोकर जमली होती, पण आता ती आमच्याच घराची होती. आम्ही सगळं धुतलं. नव्या टीव्हीला मागे मशीनच्या वायरीच्या रंगीत पिनांची भोकंच नाहीत. ते लागणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने सर्किटच्या जोडांवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मी एकेक स्क्रू त्याच्या जागी लावत गेलो.

दोन नंबरच्या रिमोटचं रबरबँड वाळून वायरला चिकटलं होतं. ती ते नखाने खरवडत होती. खरवडता खरवडता तिने रिमोट नाकाशी नेला.

मी ब्रश खाली ठेवला. "येतो का अजून?"

रिमोट फिरवून तिने मागची बाजू हुंगली, मग बटणांच्या फटी, मग वायर जिथून आत जाते ती जागा.

"नाही," ती म्हणाली. "गेला."

इतकी वर्षं मी हेच ऐकायच्या मागे होतो. चांगलं झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा उतरला होता. हातातल्या वाटीत एक आखूड स्क्रू उरला होता आणि तो कुठला ते मला आठवेना. सुनंदा आतून विचारत होती, गेला का हो वास एकदाचा? करुणा चटईवर माझ्या शेजारी सरकली, आणि रिमोट नाकाशी धरून तिने आणखी एकदा खोल श्वास घेतला.